तेहेतीस तासांचा बर्फ

बर्फ म्हटले की मराठी माणसाला दोन गोष्टी हटकून आठवतात. एक म्हणजे उन्हाळ्यात हातगाडीवर मिळणारा लालभडक गोळा आणि दुसरी म्हणजे हिंदी सिनेमातली नायिका, जी काश्मीरच्या उतारावर पातळ साडी नेसून अख्खे गाणे म्हणते आणि तिला साधी शिंकही येत नाही. पुण्याच्या नारायण पेठेत वाढलेल्या माझ्याही कल्पनेची धाव यापलीकडे नव्हती. पुढे शिक्षणाच्या आणि मग नोकरीच्या निमित्ताने अमेरिकेच्या ईशान्येला, मॅसॅच्युसेट्स राज्यात येऊन पडलो आणि बर्फ ही दर हिवाळ्यात तीन-चार महिने फावड्याने उपसण्याची वस्तू आहे, हे कळले. पण फेब्रुवारी १९७८ मध्ये जे पाहिले, ते त्या फावड्याच्या हिशेबात बसणारे नव्हते.

बोस्टन आणि आसपासच्या भागात आजही उतारवयातल्या कुणापुढे नुसते 'सेव्हन्टीएट' म्हणा. समोरचा माणूस हातातले काम बाजूला ठेवतो आणि त्या सोमवारी आपण कुठे होतो, हे सांगू लागतो. पानशेतचे नाव काढल्यावर जुने पुणेकर जसे बोलू लागतात, अगदी तसेच. सोमवार, ६ फेब्रुवारीला सकाळी सुरू झालेला बर्फ मंगळवारी संध्याकाळी थांबला. मधले सुमारे ३३ तास तो अखंड पडत होता. बोस्टन शहरात २७.१ इंच बर्फ पडला. वाऱ्याचे झोत शहरात ताशी ७९ मैलांपर्यंत गेले, तर केप कॉडवरच्या चॅटममध्ये ९३ मैलांपर्यंत. सारे आवरल्यावर मोजदाद झाली, तेव्हा मेलेल्यांचा आकडा शंभराच्या घरात गेला होता.

इथे एक खुलासा करायला हवा. नुसता बर्फ पडणे म्हणजे 'ब्लिझर्ड' नव्हे. ताशी ३५ मैल किंवा त्याहून अधिक वेगाचा वारा आणि पाव मैलापलीकडचे काही दिसू नये इतका उडणारा बर्फ, ही स्थिती सलग तीन तास टिकली, तरच हवामानखाते तो शब्द वापरते. म्हणजे माणसाला मारतो तो निव्वळ बर्फ नव्हे. वारा, आंधळेपण आणि थंडी ही तिन्ही एकत्र आली, की ती माणसाला मारतात. त्यात माणसाचे स्वतःचे वेळापत्रक मिसळले की काय होते, ते आम्ही त्या दिवशी पाहिले.

कोरडी सकाळ

तो हिवाळाच वाईट होता. १८ जानेवारीच्या पहाटे शेजारच्या कनेटिकट राज्यात हार्टफर्डच्या भव्य क्रीडागृहाचे छप्पर बर्फाच्या भाराने कोसळले. आदल्या संध्याकाळी तिथे बास्केटबॉलचा सामना पाहायला हजारो लोक बसलेले होते. छप्पर पडले तेव्हा आत कुणी नव्हते, एवढेच नशीब. लगोलग २० जानेवारीला बोस्टनमध्ये २१ इंचांहून अधिक बर्फ पडला. तो रस्त्याकडेला ढिगांनी साठलेला असतानाच फेब्रुवारी उजाडला.

नवे वादळ येणार, असे हवामानखात्याने शनिवार-रविवारीच सांगून ठेवले होते. संगणकावर मांडलेली गणिते तेव्हा नवी होती. पण या वेळी ती अचूक ठरली. अडचण वेगळीच झाली. सोमवारी पहाटेपासून बर्फ सुरू होईल असा लोकांचा समज होता आणि सोमवारी सकाळी उठून पाहिले, तर आकाश राखाडी पण कोरडे! 'चुकले पुन्हा खातेवाले,' असे म्हणत सगळे कामाला गेले. आम्ही नॉरवूड नावाच्या गावात राहत होतो आणि माझी कचेरी वॉल्टममध्ये होती. मीही माझी जुनी डॉज डार्ट काढली आणि निघालो.

घरात पत्नी, दोन वर्षांची मुलगी आणि माझी आई होती. आई आदल्या ऑक्टोबरात पहिल्यांदाच अमेरिकेत आली होती. रविवारी रात्री टीव्हीवर वादळाची बातमी ऐकली आणि तिने एक काम केले. घरातली सगळी पातेली, बादल्या, इतकेच काय पण बाथटबसुद्धा पाण्याने भरून ठेवला. पत्नी म्हणाली, "आई, इथे नळाला चोवीस तास पाणी असतं." आई म्हणाली, "तिथेही असायचं."

त्यामागे इतिहास होता. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले आणि पाठोपाठ खडकवासलाही. तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात पाणी शिरले आणि आम्ही नेसत्या वस्त्रांनिशी पर्वतीच्या बाजूला पळालो. पूर ओसरला आणि दुसरेच संकट उभे राहिले. ज्या खडकवासल्यातून पुण्याला पाणी येत होते, तेच धरण फुटलेले! शहर चिखलाने भरलेले आणि नळ कोरडे. पाण्याने घर बुडवल्यावर माणूस पाण्यासाठीच रांगेत उभा राहतो, हे आईने पाहिले होते. तेव्हापासून संकट कुठलेही असो, तिची तयारी एकच असे.

एकशे अठ्ठावीस क्रमांकाचा रस्ता

दहाच्या सुमारास भुरभुर सुरू झाली. बारापर्यंत खिडकीतून समोरची इमारत दिसेनाशी झाली. मग एकेक कचेरी सुटू लागली. आमच्याकडे दीडला सुटी जाहीर झाली. शेजारच्या कंपन्यांतही तीच वेळ आणि त्यापुढच्या कंपन्यांतही तीच. बोस्टनला वळसा घालून जाणाऱ्या १२८ क्रमांकाच्या महामार्गावर त्या काळात इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणकाच्या कारखान्यांची रांगच होती. एरवी चार ते सात या वेळात विभागून जाणारी गर्दी त्या दुपारी एकदम रस्त्यावर आली. बर्फ उपसणारी वाहनेही त्याच गर्दीत अडकली. ती अडकल्यामुळे बर्फ उपसला जाईना आणि बर्फ उपसला जात नसल्यामुळे गर्दी हलेना.

मी दोनला निघालो. नीडमच्या पुढे चार वाजता गाडी थांबली ती थांबलीच. पुढे कुठेतरी एक मोठा ट्रक घसरून रस्त्यात आडवा झाला होता, असे रेडिओवर कळले. नंतर मोजले तेव्हा त्या रस्त्याच्या सुमारे आठ मैलांच्या टप्प्यात तीन हजार मोटारी आणि पाचशे ट्रक अडकलेले होते. पाच वाजता पूर्ण अंधार झाला. पुढच्या गाडीचे लाल दिवे आधी अंधुक झाले, मग गुलाबी आणि मग तेही गेले.

माझ्या शेजारच्या मार्गिकेत एक ट्रक होता. ड्रायव्हर मेन राज्यातला, पन्नाशीचा, अंगाने आडवा. सहाच्या सुमारास त्याने खाली उतरून माझी काच ठोठावली. मी काच खाली केली, तर नमस्कार-चमत्कार काही नाही, पहिलाच प्रश्न : "तुझ्या गाडीचा धुराचा पाइप मोकळा आहे का?"

मला प्रश्नच समजला नाही. तो मला गाडीच्या मागे घेऊन गेला. बर्फ बंपरच्या वर आला होता. त्याने हाताने उकरून पाइप मोकळा केला आणि समजावून सांगितले. बर्फाने पाइप बुजला की इंजिनाचा धूर बाहेर जायला वाट राहत नाही. तो गाडीखाली कोंडतो आणि फटींमधून आत शिरतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून ठेवते. माणसाला गुदमरल्यासारखे वाटत नाही, नुसती झोप येते. बाहेर शून्याखाली थंडी, आत हीटरची ऊब आणि दिवसभराचा शीण. अशा वेळी झोप आली तर संशय कोणाला येणार? शास्त्र मला पुस्तकातून ठाऊक होते, पण माझ्या गाडीच्या पाइपाशी त्याचा संबंध मी कधी लावला नव्हता.

"अर्ध्या तासात दहाच मिनिटं इंजिन चालव," तो म्हणाला. "त्याआधी दर वेळी उतरून पाइप मोकळा कर. एक काच बोटभर उघडी ठेव. आणि झोपू नकोस."

डबा आणि बटाटे

साडेआठला पेट्रोलचा काटा खाली आला, तेव्हा त्यानेच मला ट्रकच्या केबिनमध्ये बोलावले. त्याच्याकडे थर्मासमध्ये कॉफी होती आणि माझ्याकडे डबा. आई आल्यापासून माझा डबा दोन माणसांचा झाला होता. दुपारी अर्धा खाऊन उरलेला तसाच होता : तीन पोळ्या आणि बटाट्याची भाजी. थंडीने पोळ्यांचा पुठ्ठा झाला होता. त्या त्याने हीटरच्या झडपेवर ठेवून शेकल्या. भाजी चाखून तो मोठ्याने हसला. ट्रकमध्ये काय आहे माहीत आहे का, म्हणाला. ट्रक मेनच्या बटाट्यांनी भरलेला होता. मागे टनांनी बटाटे आणि आम्ही दोघे एका डब्यातली भाजी पुरवून पुरवून खात होतो. ते बटाटे गोठून वाया जाणार, याची काळजी त्याला रात्रभर होती आणि ती त्याने चार-पाच वेळा बोलून दाखवली.

दर अर्ध्या तासाने आम्ही खाली उतरत होतो. आपला पाइप मोकळा करायचा, मग पुढच्या-मागच्या चार-सहा गाड्यांच्या काचा ठोकायच्या. आतला माणूस हात हलवायचा, की पुढची गाडी. वाऱ्यात उभे राहता येत नव्हते. गाड्यांच्या कडेला धरून चालावे लागे. चार पावलांवरचा ट्रक दिसत नसे, म्हणून त्याने एक दोर दाराला बांधून दुसरे टोक माझ्या कमरेला दिले होते.

अकराच्या फेरीत पुढच्या तिसऱ्या गाडीतून हात हलला नाही. मोठी, जुन्या घडणीची ब्युइक. इंजिन चालू होते आणि आत एक म्हातारे गृहस्थ मान मागे टाकून बसले होते. चेहरा लालबुंद, चांगली तुकतुकीत प्रकृती असावी तसा. आम्ही काच बडवली, हाका मारल्या. दार बर्फाने चिकटलेले. ड्रायव्हरने ट्रकमधला टायर काढायचा लोखंडी दांडा आणून मागची काच फोडली. आत हात घालून दार उघडले आणि दोघांनी मिळून त्यांना ओढून काढले. ट्रकपर्यंतचे ते पंधरा-वीस पावलांचे अंतर मला अजूनही पायांत आठवते. केबिनमध्ये नेऊन दोन्ही काचा उघड्या टाकल्या. बऱ्याच वेळाने त्यांना उलटी झाली आणि त्यांनी डोळे उघडले. डोके फुटतेय, एवढेच ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा डोळे उघडून त्यांनी विचारले, "माझा रेडिओ चालू राहिलाय का? बॅटरी उतरेल."

पहाटेपर्यंत आम्ही तिघे त्या केबिनमध्ये होतो. ड्रायव्हर त्यांना सतत बोलते ठेवत होता. ते बोलता बोलता थांबले की आम्हा दोघांच्या छातीत धस्स होई. मंगळवारी सकाळी अग्निशामक दलाची माणसे बर्फावर चालणारी स्नोमोबाइल घेऊन आली आणि त्यांना घसरगाडीवर झोपवून घेऊन गेली. त्यांचे नाव विचारायचे आम्हा दोघांनाही सुचले नाही. त्या रात्री १२८ क्रमांकाच्या रस्त्यावर गाड्यांमध्ये चौदा माणसे धुराने गेली, हे नंतर वाचले. ती बातमी मी पुन्हा पुन्हा वाचली. पण नाव ठाऊक नसलेला माणूस यादीत कसा शोधायचा?

देवळात मुक्काम

आम्हाला नीडममधल्या एका चर्चमध्ये नेले. देवळात मुक्काम म्हणा ना! बाकांवर, बाकांखाली, वेदीच्या पायऱ्यांवर माणसेच माणसे. सुटातले वकील, नर्सेस, ट्रकवाले, शाळेची मुले. गावातल्या बायका ज्या घरातून जे मिळेल ते घेऊन, बर्फातून चालत येत होत्या. सूप, ब्लँकेटे, लहान मुलांची दुपटी. कुणी कुणाची जात-पात, रंग विचारला नाही. त्या वर्षांत बोस्टन शहर शाळांच्या बसगाड्यांवरून काळ्या-गोऱ्यांच्या भांडणात पेटलेले होते. म्हणून ही गोष्ट मुद्दाम नोंदवतो. वादळ ओसरल्यावर ती भांडणे पुन्हा सुरू झाली, हेही नोंदवायला हवे. शहरात काही ठिकाणी बंद दुकाने लुटली गेली, तीही याच दिवसांत.

चर्चमध्ये टेलिफोन एकच आणि रांग शंभराची. प्रत्येकाला एक मिनिट. माझी पाळी आली आणि फोन आईने उचलला. मी सुखरूप आहे, असे सांगितले. तिने विचारले, "पाणी कुठवर आलंय?"

"पाणी नाही आई, बर्फ आहे."

"बर्फ म्हणजे पाणीच ना रे. वितळेल तेव्हा कळेल." मग पत्नीने फोन घेतला. मुलीचे दूध संपले होते. पण वरच्या मजल्यावरची आयरिश म्हातारी भुकटीच्या दुधाचा डबा देऊन गेली होती. दीड वर्षात तिचे आमच्याशी 'गुड मॉर्निंग'पलीकडे बोलणे झाले नव्हते. त्या आठवड्यात ती रोज दुपारी आमच्याकडे चहाला येऊन बसू लागली. आईला इंग्रजी येत नव्हते, तिला मराठी. काय बोलत त्या दोघी, देव जाणे; पण तास-दीड तास निघत असे.

गुरुवारी सकाळी बर्फ दाबून पायवाटा झाल्या होत्या. मी आणि आणखी दोघे मिळून चर्चमधून पायी निघालो. नॉरवूडपर्यंतचे सात-आठ मैल चालायला संध्याकाळ झाली. वाटेत कुठे गाड्यांची फक्त छपरे दिसत होती, कुठे नुसत्या अँटेना. घरी पोचलो तेव्हा आईने दृष्ट काढली आणि मग बाथटबमधले पाणी सोडून दिले. नळ एकदाही गेला नव्हता. त्यावर कोणीही तिला काही बोलले नाही.

समुद्र घरात आला

आईचे पाण्याविषयीचे म्हणणे किती खरे होते, ते वर्तमानपत्रे पुन्हा हातात पडू लागल्यावर समजले. आम्ही राहत होतो तो भाग समुद्रापासून आत होता. किनाऱ्यावर जे झाले ते बर्फाचे नव्हे, पाण्याचे तांडव होते. कॅनडावर हवेच्या उच्च दाबाचा पट्टा ठाण मांडून बसला होता. त्यामुळे एरवी झपाट्याने निघून जाणारे वादळ न्यू इंग्लंडच्या दक्षिणेला अडकून पडले. त्यात ७ फेब्रुवारीला अमावास्या होती. अमावास्येची भरती मोठी असते, हे कोकणात पोरसोरही सांगेल. शिवाय चंद्र त्या सुमारास पृथ्वीच्या जवळ आलेला होता. वादळ एका जागी रेंगाळल्यामुळे एकामागून एक अशा अनेक भरत्या त्याच्या तडाख्यात सापडल्या. एका भरतीने बांध फोडावा आणि पुढचीने घरात शिरावे, असे झाले. रिव्हिअर, हल, सिच्युएट या गावांत लोकांना बोटींतून काढावे लागले. सुमारे दोन हजार घरे उद्ध्वस्त झाली किंवा त्यांचे जबर नुकसान झाले. रॉकपोर्टच्या बंदरातली एक लाल रंगाची कोळ्यांची खोपटी 'मोटिफ नंबर वन' या नावाने ओळखली जात असे. पिढ्यान्‌पिढ्या चित्रकारांनी ती रंगवली होती. तीही वाहून गेली. गावकऱ्यांनी त्याच वर्षी ती पुन्हा जशीच्या तशी बांधली.

सेलमजवळ 'ग्लोबल होप' नावाचे तेलवाहू जहाज खडकावर अडकले. त्याच्या मदतीला गेलेली तटरक्षक दलाची बोट वादळात रस्ता चुकली आणि त्या बोटीच्या मदतीला फ्रँक क्वर्क हा नाविक 'कॅन डू' ही आपली छोटी बोट घेऊन चार सोबत्यांसह निघाला. जहाजावरचे वाचले, तटरक्षक दलाची बोटही परत आली. 'कॅन डू'वरचे पाचही जण गेले. त्यांना कुणी जा म्हटले नव्हते. मदतीची हाक रेडिओवर ऐकून ते निघाले होते.

मोटारीविना एक आठवडा

राज्याचे गव्हर्नर मायकेल डुकाकिस यांनी खासगी मोटारींना बंदी केली. जवळजवळ आठवडाभर पूर्व मॅसॅच्युसेट्समध्ये मोटार चालली नाही. लष्कराची मालवाहू विमाने जवान आणि अवजड यंत्रे घेऊन लोगन विमानतळावर उतरली. बोस्टनच्या रस्त्यांतून लोक स्की लावून कामाला जाऊ लागले. भर चौकात मुले घसरगाड्या खेळू लागली. सोमवारी रात्री 'बोस्टन गार्डन'मध्ये महाविद्यालयांचे आइस हॉकीचे सामने होते. ते पाहायला गेलेले काहीशे प्रेक्षक परतीची वाट बंद झाल्यामुळे तिथेच राहिले आणि हॉट डॉगवर दिवस काढू लागले. डुकाकिस रोज टीव्हीवर कोटाऐवजी स्वेटर घालून येत आणि शांतपणे माहिती देत. त्यांचा तो स्वेटर लोकांच्या कायमचा लक्षात राहिला. मात्र त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांच्याच पक्षाच्या मतदारांनी त्यांना घरी बसवले. स्वेटरने मते मिळत नाहीत. पुढे ते परत निवडून आले आणि १९८८ मध्ये अध्यक्षपदासाठी उभे राहिले, ही गोष्ट निराळी.

माझी डॉज डार्ट मला नंतर एका मैदानात सापडली. रस्त्यावरून एकेक गाडी उकरून काढून तिथे ओळीने लावली होती. आतल्या सीटवर डब्याचे झाकण तेवढे पडलेले होते.

बर्फाचा तो विक्रम केव्हाच मोडला. फेब्रुवारी २००३ मधल्या एका वादळाने बोस्टनचा आकडा किंचित मागे टाकला. २०१५ च्या हिवाळ्यात तर एकूण ११० इंचांवर बर्फ पडला. ४ जानेवारी २०१८ ला बोस्टनच्या बंदरातले पाणी १९७८ च्या भरतीच्याही थोडे वर चढले. तरी २००३ चे वादळ आज कुणाला सांगून आठवत नाही आणि १९७८ चे कुणी विसरत नाही. इंच-फूट नोंदवहीत राहतात. माणसांच्या लक्षात राहते ते आपण घरापासून किती लांब अडकलो होतो, ते.

८ फेब्रुवारी २०१३ ला पुन्हा तसेच वादळ येऊ घातले होते. त्या वेळचे गव्हर्नर डेव्हल पॅट्रिक यांनी दुपारी चारनंतर रस्त्यावर मोटार आणायला बंदी केली. १९७८ नंतर अशी बंदी प्रथमच झाली. 'एवढं काय घाबरायचं,' अशी कुरकुर बरीच झाली. शहरात जवळजवळ २५ इंच बर्फ पडला. म्हणजे १९७८ पेक्षा दोनच इंच कमी. पण त्या रात्री १२८ क्रमांकाच्या रस्त्यावर तीन हजार मोटारी नव्हत्या. बर्फ तोच, वाराही तसाच. फरक होता तो वेळेवर दिलेल्या एका हुकमाचा.

२६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या रात्री बोस्टनमध्ये बसून मी नातेवाइकांचे फोन फिरवत होतो आणि एकही लागत नव्हता. दुसऱ्या दिवशी बातम्या आल्या. काही माणसे बंद मोटारींमध्ये अडकून गेली होती. माझ्या डोळ्यांपुढे ती ब्युइक आली. एकीकडे बर्फ, दुसरीकडे पाऊस. पण कचेऱ्या एकदम सुटणे, सगळ्यांनी एकदम रस्त्यावर येणे आणि गाडी म्हणजे आपले सुरक्षित घर असे समजून तिच्यात बसून राहणे, हे दोन्हीकडे सारखेच होते.

अंदाज चुकला की लोक हवामानखात्याला हसतात आणि सुटी फुकट गेली म्हणून कारखानदार हळहळतात. मला त्यात हसण्यासारखे काही वाटत नाही. दहा वेळा अंदाज चुकला, तरी अकराव्या वेळी घरी बसावे. वाया गेलेला दिवस पुढच्या शनिवारी भरून काढता येतो. त्या चौदा जणांचा तो सोमवार वाया गेला असता, तर फार बरे झाले असते.